मूर्तीचा मार

"गाठ कधी लक्षात आली?" पेणच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आषाढात."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दसरा होऊन चार दिवस झाले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

तेव्हा मी मान खाली घालून बसले. उत्तर येत होतं, पण सांगायची लाज वाटली. आता वाटत नाही, म्हणून सांगते. इतके दिवस मी गणपती घासत होते.

चतुर्थी होऊ दे

माझं सासर अष्टमी गावचं, रोह्याच्या पुलापलीकडे. माहेर पेणजवळच्या जोह्याचं. जोह्यातल्या मुलीला पाटी-पेन्सिल नंतर मिळते, पॉलिश पेपर आधी. माझ्या दादाचा गणपतीचा कारखाना आहे. लग्नाला वीस वर्षं झाली तरी आषाढ लागला की मी दोन महिने माहेरी मदतीला जायची. सासूबाई कुरकुरायच्या, पण अडवायच्या नाहीत. घरचा गणपती दरवर्षी त्यांच्या पसंतीचा यायचा ना!

रंग मारणं, डोळे आखणं ही पुरुषांची कामं. आम्हा बायकांकडे घासकाम. साच्यातून निघालेली मूर्ती पेपरने घासायची आणि मग तिच्यावरून बोटं फिरवायची. डोळ्यांना न दिसणारा खडा बोटांना लागतो. घासून झाली की मूर्ती उचलून मांडणीवर न्यायची. ती कवटाळून धरायची, पाटाची कड डाव्या छातीवर टेकवायची आणि उजव्या हाताने वाट काढायची. अशा दिवसाला पन्नास-साठ खेपा. त्यामुळे चतुर्थी जवळ आली की आमच्या प्रत्येक बाईची डावी बाजू ठणकत असते. कुणाला काळंनिळं होतं, कुणाला गाठ धरते. त्याला आमच्याकडे नावच आहे, मूर्तीचा मार. त्यावर आंबेहळदीचा लेप लावायचा. सणानंतर हात रिकामे झाले की मार आपोआप जातो. माझ्या आईचा जायचा, वहिनीचा जायचा.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, आषाढातल्या एका सकाळी अंघोळ करताना माझा साबणाचा हात डाव्या बाजूला थांबला. बगलेकडे हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. दाबलं तर दुखेना. आणि त्याचाच मला आनंद झाला, बघा! मार म्हणजे ठणकायला हवा, हा ठणकत नाही म्हणजे हा मार नव्हे, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही.

"वहिनी, मला यंदा लवकर लागला गो मार."

वहिनीने ब्लाऊजवरूनच चाचपलं, तेही दाराकडे बघत. "हाय खरा. मला पण हाय, वन्सं. लेप लावू. चतुर्थी होऊ दे, जाईल."

जोह्यात सगळंच 'चतुर्थी होऊ दे'वर असतं. दाढ काढायची, चष्मा बदलायचा, रुसलेल्या जावेशी बोलायचं, सगळं चतुर्थीनंतर. मीही रोज लेप लावून मूर्ती उचलत राहिले.

चतुर्थी झाली. वहिनीचा मार गेला. माझा हरभरा बोराएवढा झाला होता. अष्टमीला परत आल्यावर धीर करून सासूबाईंना सांगितलं, "आई, छातीत गाठ हाय."

त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पितृपक्ष लागलाय. ह्या दिवसांत दवाखान्याची पायरी नाय चढायची."

पितृपक्ष सरला तर घरात घट बसले. घट बसल्यावर नऊ दिवस घर सोडून जायचं नाही. मग दसरा. असे सगळे देव आणि सगळे पितर सांभाळून झाल्यावर मी डॉक्टरकडे गेले.

शपथ

सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट आला त्या दिवशी हे कंपनीची पहिली शिफ्ट बुडवून बरोबर आले होते. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि ह्यांच्याकडे बघून बोलू लागल्या. "ह्यांना मुंबईला न्यावं लागेल. उशीर करू नका." मी दोघांच्या मधोमध बसले होते. मला राग आला. मी म्हटलं, "मला सांगा. गाठ माझी आहे." मग त्यांनी मला सांगितलं. कॅन्सर हा शब्द मी त्याआधी फक्त दुसऱ्यांच्या घरच्या बातमीत ऐकला होता.

स्टँडवर ह्यांनी दोन चहा सांगितले. दोन्ही चहांवर साय आली. रोह्याच्या गाडीत जागा नव्हती. उभ्या उभ्या, चारचौघांत, ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यावरून मला कळलं की मी बहुतेक मरणार.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन देवाला दिवा लावला आणि मनीषाला हाक मारली. मनीषा माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची होती, रोह्याला कॉलेजात जायची. तिला स्थळं येऊ लागली होती.

"नलू, हिच्या डोक्यावर हात ठेव."

"कशाला, आई?"

"पिशवी काढली म्हणून सांगायचं सगळ्यांना. माहेरी पण. आईला असला रोग म्हटलं की पोरीला कोण करील गो? घे शपथ, बाहेर बोलणार नाय म्हणून."

मनीषा मान झटकत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. त्या वेळी मला दुसरं काही दिसतच नव्हतं. आई म्हणून एवढं तरी पोरीसाठी करता येईल, असं वाटलं.

बाटली

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डावी बाजू सगळी काढली.

शुद्धीवर आले तेव्हा छातीभोवती आवळून बांधलेलं होतं आणि कुशीतून एक नळी निघाली होती. नळीला बाटली. त्या बाटलीत लालसर पाणी जमायचं. उठायचं तर बाटली हातात, संडासला जायचं तर बाटली हातात, कूस बदलायची तर आधी तिला विचारायचं. सकाळी सिस्टर यायची ती मला नव्हे, बाटलीला बघायला. रेघेपाशी डोळा लावून आकडा लिहायची आणि म्हणायची, "अजून नाही." आकडा खाली येईपर्यंत नळी निघणार नव्हती. बारा दिवस मी त्या बाटलीची गुलाम होते. दिवाळी तशीच झाली. ह्यांनी डब्यातून करंज्या आणल्या, त्या वॉर्डातल्या बायकांनी खाल्ल्या.

खालचं मी पाहत नव्हते. ड्रेसिंगच्या वेळी छताकडे बघायची.

नळी काढली त्या दिवशी एक वयस्क सिस्टर पडदा ओढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, "उरलेल्या बाजूची राखण आता तुमच्याकडे. महिन्यातून एकदा स्वतः तपासायचं." तिने माझा उजवा हात वर करायला लावला आणि डाव्या हाताची तीन बोटं धरून दाखवलं. बोटांच्या टोकांनी नाही, पेरांनी. लहान लहान गोल करत, आधी हलकं, मग दाबून. गळ्याच्या हाडापासून खाली बरगडीपर्यंत, आणि बगल विसरायची नाही. आरशासमोर उभं राहून बघायचं, कुठे खळी पडली आहे का, बोंड आत ओढलं गेलं आहे का, त्यातून पाणी येतं का. "आणि दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही," ती म्हणाली.

मी चिडून म्हटलं, "हे लग्नाआधी का नाही कुणी सांगितलं?"

"सांगायला आलो तर तुम्ही पदर घट्ट ओढून घेता, बाई," ती म्हणाली.

पिशवी

घरी आले आणि पिशवीची बातमी आधीच पोचलेली होती. बायका बघायला येऊ लागल्या. "कंबर सांभाळ गो." "जड उचलू नको." "माझ्या नणंदेची काढली, ती बघ कशी जाड झाली." मी पोटावर हात ठेवून हो हो म्हणायची. दुखायचं वर, कण्हायचं खाली. एकदा चुकून हात वर गेला तर सासूबाईंनी डोळे वटारले.

मग सलाईनमधून औषध सुरू झालं. तीन आठवड्यांनी एकदा मुंबई, असं सहा वेळा. दुसऱ्या खेपेनंतर केस पुंजक्यांनी हातात आले. पिशवी काढल्यावर केस जातात हे कोण मानणार? सासूबाईंनी नवीन सांगितलं, ताप डोक्यात गेला. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, दुसऱ्याला तिसऱ्याचा. शेवटी त्यांना सगळ्यात सोपी वाट सापडली. त्यांनी मला बाहेर सोडणंच बंद केलं. आमच्या दोन खोल्या. पुढची खिडकी रस्त्यावर उघडते म्हणून बंद. मागचं दार शेजारणीच्या ओट्यासमोर म्हणून बंद. भिंतीपलीकडे शेजारीण, म्हणून उलटीचा आवाजसुद्धा टॉवेलात दाबायचा. मार्गशीर्ष ते फाल्गुन मी आकाश पाहिलं ते फक्त हॉस्पिटलला जाताना, डोक्याला स्कार्फ बांधून, पहाटेच्या गाडीतून. आजाराने मारलं असतं तर एकदाच मारलं असतं. ह्या घराने मला रोज थोडं थोडं गुदमरवलं, असं मी तेव्हा मनात म्हणायची. सासूबाईंचा मला अतोनात राग यायचा. पेज मात्र त्याच करून द्यायच्या, तीही दिवसातून चार वेळा, आणि मी खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

ह्यांचंही लिहिते, मनात ठेवून उपयोग नाही. डावा हात वर होत नव्हता, त्यामुळे ब्लाऊजचे हुक मला लावता यायचे नाहीत. पहिल्या शिफ्टला निघण्याआधी हे लावून द्यायचे. डोळे मिटून. खरंच मिटून, आंधळ्यासारखे चाचपत. एक हुक हमखास चुकायचा आणि दिवसभर एक बाजू वर, एक खाली. मला त्याचं फार लागायचं. एके दिवशी म्हटलं, "अहो, ती गेली ती गेली. उरलीय तिच्याकडे तरी बघा." त्यांचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून हुक बरोबर लागायला लागले.

संकष्टी

औषधांनी माझी पाळी गेली. सिस्टरने सांगितलेलं, पाळी नसेल त्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवावा. गणपतीच्या मुलखातली माणसं आम्ही, संकष्टीशिवाय कुठला दिवस ध्यानात राहणार? आणि उपासाच्या दिवशी न्हायला वेळ लागला तर कुणी विचारत नाही.

असं मला वाटलं होतं. मोरीचं पत्र्याचं दार लावून मी बोटं फिरवायला लागले की बाहेरून हाक यायचीच. "नलू, किती वेळ गो? पाणी संपलं काय?"

तपासणं दोन मिनिटांचं काम, असं सगळे सांगतात. दोन मिनिटांचंच आहे. पण ती दोन मिनिटं महिनाभर पुरतात. संकष्टीच्या आधी चार दिवस माझं जेवण तुटायचं. नंतरचे चार दिवस वाटायचं, नीट पाहिलं ना? ती बगलेची जागा राहिली तर नाही? ज्या बोटांनी मला वाचवलं त्याच बोटांची मला भीती बसली. एका संकष्टीला खाली काहीतरी टणक लागलं. मी ओल्या केसांनी, म्हणजे जे काही चार केस आले होते त्यांनी, सरळ पेणची गाडी धरली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "नलिनीबाई, ही तुमची बरगडी आहे. ती जन्मापासून आहे." मी हसले आणि हसता हसता त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "दहा वेळा बरगडी घेऊन आलात तरी चालेल."

सुटली

पुढच्या आषाढात मी हट्टाने माहेरी गेले. वहिनीने जड उचलू दिलं नाही, पिशवी गेलेली ना! मी बसून घासकाम करत होते. एका दुपारी रंजना, कारखान्यातली सव्वीस-सत्तावीसची, कडेवर लहान मूल असलेली बाई, डावी बाजू धरून खाली बसली.

"मार लागला गो वहिनी."

"लेप वाटते," वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, "रंजना, डॉक्टरला दाखव."

"ह्या दिवसांत? चतुर्थी होऊ दे, ताई."

मी सगळं सांगून टाकणार होते. पण डोळ्यांसमोर मनीषाचं डोकं आलं आणि त्यावरचा माझा हात. मी पेपर घेऊन गणपतीचं पोट घासत बसले. लेकराची शपथ मोडली तर लेकराला भोवते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. खोटं कशाला बोलू, माझा त्यावर विश्वास होता. अजूनही थोडा आहे.

दोन दिवसांनी अष्टमीला आले आणि मनीषाला रंजनाचं सगळं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातली साडी तशीच दोरीवर टाकून ती माझ्यासमोर येऊन बसली, माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि झटकून खाली टाकला.

"सुटली," ती म्हणाली. "ज्याच्या डोक्यावर असते त्याने सुटली म्हटलं की सुटते. शाळेत आम्ही असंच करायचो."

"अगं, पण तुझं लग्न..."

"आई, मला पण दोन आहेत. मला कधी शिकवणार होतीस तू?"

मी तिला त्याच वेळी शिकवलं. नऊ महिने मी ज्या मुलीसाठी गप्प बसले होते, तिलाच सांगायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ह्या चुकीची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी मी परत जोह्याला गेले. दुपारी पुरुष जेवायला गेल्यावर कारखान्याच्या दाराला गोणपाट ओढलं आणि सात-आठ बायकांसमोर ब्लाऊज काढला. वहिनीच्या हातातला वरवंटा थांबला. "वन्सं," ती म्हणाली, "ही पिशवी?" मी म्हटलं, "हा मूर्तीचा मार." मग एकेकीला बोटं कशी फिरवायची ते दाखवलं. पहिल्यांदा हसल्या, लाजल्या, एकमेकींना ढकललं. मग गप्प होऊन करायला लागल्या.

रंजनाला मीच पेणला घेऊन गेले. तिचा खरोखर मारच निघाला, दहा दिवसांत बसला. कारखान्यात काही जणी म्हणाल्या, उगाच घाबरवलंस. म्हणू देत.

मी अष्टमीला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मनीषाचं एक जवळपास जुळलेलं स्थळ होतं, त्यांचा निरोप आला की मुलाला अजून दोन वर्षं थांबायचं आहे. मनीषा म्हणाली, "बरं झालं, त्याच्यापेक्षा त्याच्या आईलाच लग्नाची घाई होती." पण ती मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.

सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चार दिवस. ताट वाढायच्या, वाटी आपटायच्या, पण शब्द नाही. मीही बोलले नाही. माझ्यातही तेवढी आग होती.

पाचव्या दिवशी दुपारी हे शिफ्टवरून येऊन पुढच्या खोलीत आडवे झाले होते. मनीषा कॉलेजला. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि मधलं दार लावलं. मला वाटलं, आता भांडण. मी तयारच होते.

"तिकडं त्या पोरींना शिकवलंस," त्या म्हणाल्या.

"व्हय. शिकवलं."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. पदर बाजूला केला. हुक काढताना एक अडकला. मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच नेऊन ठेवला, उजवीकडे.

"हितं," त्या म्हणाल्या.

बोटं फिरवायची गरजच नव्हती. लिंबाएवढी होती.

"कधीपासून, आई?"

"तू मला सांगितलंस ना, त्याच्या आधीपासून."

मी म्हटलं, "मग तेव्हा का नाय बोललात? आपण दोघी बरोबरच गेलो असतो."

"दोघी गेलो असतो तर तुला पेज कोणी केली असती?"

मी उठले. त्यांनी माझा पदर पकडला. "त्याला नको गो सांगू. झोपलाय तो."

मी पदर सोडवून घेतला, दार उघडलं आणि ह्यांना हाक मारली.